आचार्य आर्यभट आणि त्यांची बुद्धिनौका

भारतातील अनेक हिंदू घरांत पंचांग असते. एकादशी केव्हा, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, ग्रहणाचा स्पर्श व मोक्ष कोणत्या वेळी, हे गृहस्थ त्यात पाहतो आणि त्याप्रमाणे उपवास, स्नान, दान करतो. पंचांगातील आकड्यावर त्याचा इतका विश्वास असतो की, तो आकडा कोठून आला, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा उठत नाही. सूर्य व चंद्र तर आकाशात आहेत. मग पुढील वर्षीच्या अमावास्येस ते कोठे असतील, हे घरात बसलेल्या गणकाला कसे कळते? या प्रश्नाच्या उत्तराचा माग घेत आपण मागे मागे जाऊ लागलो, म्हणजे ज्या थोड्या महापुरुषांपाशी येऊन थांबावे लागते, त्यांत आचार्य आर्यभट हे अग्रगण्य होत. त्यांच्या चरित्राचा व विचारांचा हा अल्प परिचय श्रद्धावान वाचकांस उपयुक्त होईल, असे वाटते. श्रद्धा आणि बुद्धी यांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न आजही पुष्कळांना अडवितो. आर्यभटांच्या जीवनात व त्यांच्या ग्रंथाच्या इतिहासात त्याचे एक उत्तर सापडते.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. लोकव्यवहारात आर्यभट्ट असे द्वित्वयुक्त नाव रूढ झाले आहे. परंतु प्राचीन ग्रंथांत सर्वत्र आर्यभट असाच पाठ आहे, आणि ज्या आर्यांत हे नाव येते त्यांच्या मात्राही तोच पाठ मागतात. म्हणून येथे तेच रूप स्वीकारले आहे. पुढे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास महासिद्धान्त लिहिणारे दुसरे एक आर्यभट होऊन गेले, ते निराळे. येथे ज्यांचे चरित्र सांगावयाचे आहे ते आर्यभटीय ग्रंथाचे कर्ते पहिले आर्यभट होत.

आपल्याकडील प्राचीन ग्रंथकार स्वतःविषयी मौन बाळगतात. आर्यभटांनीही आपल्या माता-पित्यांचे वा गुरूंचे नाव दिलेले नाही. पण एक गोष्ट त्यांनी स्पष्टपणे नोंदविली आहे, आणि ती ज्योतिर्विदाला शोभेल अशीच आहे. कलियुगाची ३६०० वर्षे संपली, तेव्हा आपल्या जन्मास २३ वर्षे झाली होती, असे ते सांगतात. कलीचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ या वर्षी मानला जातो. त्यावरून तो क्षण शके ४२१, म्हणजे इसवी सन ४९९ हा येतो आणि आचार्यांचा जन्म इसवी सन ४७६ मध्ये ठरतो. अनेक प्राचीन कवींच्या व शास्त्रकारांच्या काळाविषयी शतकांचे वाद चालतात. येथे मात्र एका आर्येने सर्व वाद मिटविला आहे. आणखी एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, कल्पारंभापासून गेलेला काळ सांगताना त्यांनी मर्यादा म्हणून भारताच्या गुरुवाराचा उल्लेख केला आहे. म्हणजे ज्या भारतीय युद्धाच्या आरंभी भगवंतांनी अर्जुनास गीता सांगितली, त्या भारताच्या स्मृतीलाच या गणिताने आपल्या कालगणनेची खूण बांधली आहे.

आचार्यांनी आपले ज्ञान कुसुमपुरात आदरास पात्र झालेले ज्ञान म्हणून सांगितले आहे. कुसुमपुर म्हणजे पाटलिपुत्र, आजचे पाटणा, असे त्यांचे भाष्यकार पहिले भास्कराचार्य म्हणतात. हेच भास्कराचार्य त्यांच्या तंत्रास आश्मकीय असे विशेषण देतात, आणि पुढे केरळातील नीलकंठ सोमयाजी यांनी आर्यभटांचा जन्म अश्मक जनपदात झाल्याचे लिहिले आहे. अश्मक हा प्राचीन देश गोदावरीच्या तीरावरचा. दक्षिणेत जन्म आणि मगधात कीर्ती, अशी ही परंपरा आहे. त्या काळी गुप्त सम्राटांच्या वैभवास उतार लागला होता, तरी विद्येचे वैभव ओसरले नव्हते.

आर्यभटीय हा ग्रंथ आकाराने फार लहान आहे. गीतिकापाद, गणितपाद, कालक्रियापाद आणि गोलपाद असे त्याचे चार पाद असून सर्व मिळून अवघे १२१ श्लोक आहेत. एवढ्या थोड्या जागेत वर्गमूळ व घनमूळ काढण्याच्या रीती, ज्यांची सारणी, कुट्टक, ग्रहांच्या गती, कालमापन, ग्रहण आणि खगोलाचे स्वरूप हे सर्व आले आहे. हे शक्य व्हावे म्हणून आचार्यांनी अक्षरांनी संख्या लिहिण्याची एक नवी पद्धती योजिली. क पासून म पर्यंतच्या पंचवीस व्यंजनांना १ ते २५ ही मूल्ये, य पासून ह पर्यंतच्या आठ व्यंजनांना ३० ते १०० ही मूल्ये, आणि स्वरांच्या योगाने त्यांची शतपट, दशसहस्रपट अशी वाढ. या रीतीने महायुगाची ४३,२०,००० वर्षे ख्युघृ या दोनच अक्षरांत मावतात. ज्या काळी विद्या कंठात वाहून न्यावयाची असे, त्या काळी ही पद्धती म्हणजे शिष्यांवर केलेला उपकारच होता.

ग्रंथाचा आरंभ ब्रह्मदेवास वंदन करून झाला आहे. जो एक असून अनेक आहे, त्या सत्यस्वरूप देवतेस प्रणाम करूनच आचार्य गणित, कालक्रिया व गोल ही तीन प्रकरणे सांगावयास प्रवृत्त होतात. पहिल्या पादाच्या शेवटी तर त्यांनी असे फल सांगितले आहे की, नक्षत्रमंडलातील पृथ्वी व ग्रह यांचे हे चरित जो जाणतो, तो ग्रह-नक्षत्रांच्या कक्षा भेदून परब्रह्माप्रत जातो. आकाशाचे गणित हा त्यांच्या दृष्टीने परमार्थाचा विरोधक नव्हता. तो परमार्थाकडे जाणारा एक मार्ग होता. कालाविषयीचा त्यांचा विचारही असाच गंभीर आहे. युग, वर्ष, मास व दिवस यांचा प्रारंभ चैत्र शुक्ल प्रतिपदेस, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्या तिथीस, एकाच वेळी झाला, असे सांगून ते म्हणतात की, काल हा स्वतः अनादि व अनंत आहे. क्षेत्रात फिरणाऱ्या ग्रह-नक्षत्रांवरून आपण केवळ त्याचे अनुमान करतो. कालाला आरंभ नाही; आरंभ आहे तो आपल्या मोजण्याला.

आता विश्वाविषयी त्यांनी काय सांगितले ते पाहू. पृथ्वी ही चेंडूसारखी गोल असून आकाशात निराधार आहे. कदंबाच्या फुलाचा गोळा जसा सर्व बाजूंनी केसरांनी भरलेला असतो, तशी ही पृथ्वी सर्व बाजूंनी जलचर व स्थलचर प्राण्यांनी वेढलेली आहे. या एका दृष्टांताने एक मोठी भ्रांती नाहीशी होते. पृथ्वीच्या खालच्या बाजूचे लोक पडत कसे नाहीत, असे जो विचारतो त्याने कदंबपुष्प हातात घेऊन पाहावे. त्याला वर कोणते आणि खाली कोणते? पृथ्वी, चंद्र व ग्रह यांचा सूर्याकडील अर्धा भाग प्रकाशित असतो आणि उरलेला अर्धा स्वतःच्याच छायेने काळा असतो, हेही त्यांनी सांगितले.

ग्रहणाविषयी त्यांचे विधान निःसंदिग्ध आहे. सूर्यग्रहणात चंद्र सूर्यास झाकतो आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची मोठी छाया चंद्रास झाकते. ही छाया किती लांब, चंद्राच्या कक्षेपाशी तिची रुंदी किती, चंद्र तिच्यात किती वेळ राहील, याचे गणित त्यांनी दिले. पंचांगात ग्रहणाचा स्पर्श व मोक्ष मिनिटांपर्यंत छापता येतो तो या छायेच्या मापनामुळे. ग्रहणकाळी स्नान-दान करणाऱ्या गृहस्थाची वेळ छायेच्या गणितानेच ठरलेली असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मेरूविषयीही त्यांनी पौराणिक कल्पना जशीच्या तशी घेतली नाही. पुराणांतील मेरू सहस्रावधी योजने उंच. आर्यभटांचा मेरू केवळ एक योजन मापाचा आणि बरोबर उत्तर ध्रुवाच्या स्थानी आहे. परंतु त्यांनी मेरू टाकूनही दिला नाही. मेरूवरील देवांचा दिवस सहा महिन्यांचा असतो, या पारंपरिक वचनाचा अर्थ त्यांनी गोलाच्या आधारे लावून दाखविला. ध्रुवस्थानी सूर्य सहा महिने मावळत नाही, हे आज शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. चंद्रावर राहणाऱ्या पितरांचा दिवस पंधरा तिथींचा, याचाही उलगडा त्याच रीतीने होतो. परंपरेचा शब्द हाती घेऊन त्यातील जे गणिताने सिद्ध होते ते उजळावयाचे, आणि जे सिद्ध होत नाही ते मोजून योग्य त्या मापाचे करावयाचे, ही त्यांची रीत होती.

त्यांचा सर्वांत धाडसी विचार पृथ्वीच्या भ्रमणाविषयीचा आहे. सूर्य, चंद्र व तारे रोज पूर्वेस उगवतात व पश्चिमेस मावळतात, हे लहान मुलासही दिसते. आचार्यांनी सांगितले की, नौकेत बसून पुढे जाणाऱ्या मनुष्यास तीरावरील अचल वृक्ष मागे जाताना दिसतात, त्याचप्रमाणे अचल नक्षत्रे लंकेच्या ठिकाणी पश्चिमेकडे जाताना दिसतात. ज्योतिषातील लंका म्हणजे विषुववृत्तावरील एक कल्पित स्थान. नौका म्हणजे आपली पृथ्वी. ती पूर्वेकडे फिरते, म्हणून आकाश पश्चिमेकडे धावल्यासारखे भासते.

हा केवळ कवीचा दृष्टांत नव्हता. त्यामागे संख्या होती. एका महायुगात पृथ्वीची १,५८,२२,३७,५०० भ्रमणे होतात, असे त्यांनी गीतिकापादात दिले आहे. त्यातून सूर्याची ४३,२०,००० भगणे वजा केली म्हणजे १,५७,७९,१७,५०० सावन दिवस उरतात. यावरून पृथ्वीच्या एका भ्रमणास २३ तास ५६ मिनिटे आणि ४.१ सेकंद लागतात असे निघते. आधुनिक वेधशाळांनी सूक्ष्म घड्याळांनी मोजलेले मानही जवळजवळ हेच आहे. दूरदर्शक यंत्र नाही, लंबकाचे घड्याळ नाही; शंकू, छाया, घटिकापात्र आणि पिढ्यान् पिढ्यांचे वेध, एवढीच काय ती सामग्री. तिच्या बळावर हा आकडा मिळाला, हे पाहून मन नम्र होते. त्यांचे नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे ३० सेकंदांचे आहे. ते आजच्या मानाहून सुमारे ३ मिनिटे २० सेकंदांनी अधिक आहे.

हीच गती त्यांनी आणखी एका मापाने सांगितली. एका प्राणात, म्हणजे निरोगी मनुष्याच्या एका श्वासोच्छ्वासात, पृथ्वी एक कला फिरते. वर्तुळाच्या कला २१,६०० आणि अहोरात्राचे प्राणही २१,६००. अजपाजप करणाऱ्या साधकांना ही संख्या सुपरिचित आहे. आपण एक श्वास घेऊन सोडतो, तेवढ्यात ही विशाल पृथ्वी आपल्या सर्वांना घेऊन एक कला पुढे सरकलेली असते.

येथे एक प्रश्न गीतेच्या वाचकास पडणे स्वाभाविक आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात ब्रह्मदेवाचा दिवस सहस्र युगांचा सांगितला आहे. आर्यभट मात्र १४ मनू आणि प्रत्येक मनूची ७२ युगे घेऊन हा दिवस १००८ युगांचा मानतात. स्मृतींत चार युगांची मापे ४, ३, २, १ अशा प्रमाणात आहेत. आर्यभटांनी महायुगाचे चार समान पाद केले. मग शास्त्रवचन मोडले काय? तसे मानण्याचे कारण नाही. भगवंतांना त्या ठिकाणी आकडा शिकवावयाचा नाही. ब्रह्मलोकापर्यंतचे सर्व लोक पुन्हा पुन्हा येणारे-जाणारे आहेत, हे मनावर बिंबवावयाचे आहे. गणकाला मात्र असे युगमान हवे असते की, ज्यात ग्रहांची भगणे पूर्णांकात बसतील. १००८ ही संख्या सातांनी निःशेष भागली जाते, त्यामुळे प्रत्येक कल्पाचा आरंभ एकाच वारी येतो. १००० युगांनी ही सोय साधत नाही. दोघांचे प्रयोजन निराळे आहे. ज्या वचनाचे जे तात्पर्य असेल त्यातच त्याचे प्रामाण्य पाहावे, हा तर आपल्या मीमांसकांचाच न्याय आहे.

आर्यभटांची बुद्धी जितकी निर्भय तितकीच सावध होती. २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ येतो असे त्यांनी सांगितले. म्हणजे परिघ व व्यास यांचे गुणोत्तर ३.१४१६ झाले. परंतु त्यास त्यांनी आसन्न, म्हणजे जवळचे, असे विशेषण जोडले. सुमारे हजार वर्षांनी नीलकंठ सोमयाजींनी या एका शब्दावर भाष्य करताना दाखविले की, व्यास व परिघ एकाच मापाने मोजू गेल्यास कोठेतरी शेष राहणारच. म्हणून आचार्यांनी आसन्न म्हटले. आपल्या ज्ञानाची मर्यादा जाणून ती शब्दात नोंदविणे हे खऱ्या शास्त्रज्ञाचे लक्षण होय.

अर्थात ते सर्वज्ञ नव्हते. ग्रहांच्या गतींचे गणित त्यांनी पृथ्वीला मध्यभागी ठेवूनच केले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे म्हटले, पण ती सूर्याभोवती फिरते असे म्हटले नाही. सूचीच्या व गोलाच्या घनफळाची त्यांनी दिलेली सूत्रे चुकीची आहेत; आपल्याच देशातील पुढील गणितज्ञांनी ती सुधारली. थोर पुरुषाच्या चुका झाकण्याने त्याची थोरवी वाढत नाही, आणि त्या सांगण्याने ती कमीही होत नाही.

आचार्यांनी शिष्य घडविले. पांडुरंगस्वामी, लाटदेव आणि निःशंकु ही त्यांच्या चरणांपाशी शिकलेल्या शिष्यांची नावे पहिल्या भास्कराचार्यांनी नोंदविली आहेत. आर्यभटीयाखेरीज त्यांनी मध्यरात्रीपासून दिवस मोजणारा आणखी एक सिद्धान्तग्रंथ रचला होता. तो मूळ रूपात उरला नाही, पण इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांतून त्याचे स्वरूप कळते.

पृथ्वीच्या भ्रमणाचा विचार मात्र सहजासहजी स्वीकारला गेला नाही. त्यांच्याहून थोडे धाकटे असलेले उज्जयिनीचे वराहमिहिर यांनी पंचसिद्धान्तिकेत शंका घेतली की, पृथ्वी चक्रावर चढविल्याप्रमाणे फिरत असेल, तर आकाशात उडालेले ससाणे आपल्या घरट्यांत परत कसे येतात? लल्लाचार्यांनी बाणांचे व मेघांचे उदाहरण घेतले. वर सोडलेला बाण पश्चिमेस पडावा, मेघ सदैव पश्चिमेकडेच जावेत. या शंका मूर्खपणाच्या नव्हत्या. ज्याचे विधान मान्य नाही त्यास प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे प्रश्न विचारणे हे विद्येच्या मर्यादेस धरूनच होते. उत्तर खरे पाहता नौकेच्या दृष्टांतातच दडलेले होते. संथ चालणाऱ्या नावेत बसून वर उडविलेले नाणे पुन्हा हातातच पडते, कारण नाणेही नावेबरोबर पुढे जातच असते. तसेच वारा, पक्षी व मेघ पृथ्वीबरोबर फिरत असतात. पण हे उत्तर नीट मांडले जाण्यास युरोपात गॅलिलिओच्या १६३२ सालच्या ग्रंथापर्यंत काळ जावा लागला, आणि पृथ्वी फिरते हे डोळ्यांना दाखविणारा फूकोचा लंबक १८५१ साली पॅरिस येथे टांगला गेला.

सर्वांत कठोर टीकाकार होते ब्रह्मगुप्त. राजस्थानातील भिल्लमाल, आजचे भीनमाळ, येथे इसवी सन ६२८ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला आणि त्यात एक स्वतंत्र अध्याय इतरांच्या दोषांना दिला. युगपाद समान केले म्हणून, राहूस ग्रहणाचे कारण मानले नाही म्हणून, आणि पृथ्वी फिरविली म्हणून त्यांनी आर्यभटांवर आघात केले. पृथ्वी एका प्राणात एक कला जात असेल, तर ती कोठून कोठे जाते, आणि तिच्यावरील उंच वस्तू कोसळत का नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता.

येथून पुढचा भाग पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यास विचार करावयास लावणारा आहे. आर्यभटांच्या मूळ आर्येत पृथ्वी एका प्राणात एक कला जाते, या अर्थी भूः हा शब्द होता. परंतु ज्यांनी आर्यभटीयावर भक्तिभावाने भाष्ये लिहिली, त्या अनुयायांनाच आपल्या आचार्यांचे हे मत अडचणीचे वाटले. आचार्यांवर आक्षेप येऊ नये, म्हणून भूः या जागी भं असा पाठ प्रचारात आला. भ म्हणजे नक्षत्रमंडल. एका अक्षराने अर्थ उलटा झाला. पृथ्वी स्थिर राहिली आणि आकाश फिरू लागले. नौकेच्या श्लोकाचाही अर्थ ओढून-ताणून असाच लावण्यात आला. गणितास याने काही बाध येत नव्हता, कारण पृथ्वी पूर्वेस जितकी फिरेल तितकेच आकाश पश्चिमेस फिरलेले दिसेल. त्यामुळे ही अदलाबदल पंचांगाच्या आकड्यांत कोणाला जाणवली नाही.

मग मूळ पाठ आपणास कसा कळला? ज्या ब्रह्मगुप्तांनी खंडन केले, त्यांनीच. खंडन करावयाचे तर प्रतिपक्षाचे मत त्याच्याच शब्दांत मांडले पाहिजे, या पूर्वपक्षाच्या मर्यादेस अनुसरून त्यांनी आर्यभटांचे शब्द भूः या पाठासह आपल्या श्लोकात घेतले, आणि तेथे ते सुरक्षित राहिले. अनुयायांच्या प्रेमाने जो शब्द पुसला, तो प्रतिपक्ष्याच्या प्रामाणिकपणाने वाचविला. गुरूच्या कीर्तीला जपण्यासाठी गुरूचे मत बदलणे हे भक्तीचे काम दिसते, पण त्यात गुरूच नाहीसा होतो.

ब्रह्मगुप्तांचा मोठेपणा येथेच संपत नाही. वयाच्या ६७ व्या वर्षी, इसवी सन ६६५ मध्ये, त्यांनी खंडखाद्यक नावाचा करणग्रंथ लिहिला आणि तो आर्यभटांच्या तंत्राशी तुल्य फल देणारा असल्याचे आरंभीच सांगितले. ज्याचे दोष तरुणपणी मोजले, त्याच्याच पद्धतीला त्यांनी उतारवयात लोकोपयोगी रूप दिले. पुढे इसवी सन ८६४ च्या सुमारास ब्रह्मगुप्तांच्याच ग्रंथावर टीका लिहिणारे पृथूदकस्वामी यांनी भूभ्रमणाच्या बाजूने मत दिले. उंच वस्तू पडतील हा आक्षेप खरा नाही, कारण पृथ्वीवर मनुष्य जेथे उभा असेल तेथे त्याला तीच वरची बाजू असते, असे त्यांनी म्हटले. ज्याचे भाष्य करावयाचे त्याचाच दोष दाखविण्यास ते कचरले नाहीत.

आर्यभटांचे ज्ञान देशाच्या सीमा ओलांडून गेले. त्यांच्या ज्यासारणीतील जीवा हा शब्द अरबीत जीबा म्हणून गेला, तेथे लेखनसाम्यामुळे तो जैब असा वाचला गेला, लॅटिनमध्ये त्याचे सायनस हे भाषांतर झाले, आणि आज शाळेतील मुले त्रिकोणमितीत साइन शिकतात. अकराव्या शतकात भारतात आलेल्या अल्बेरूनीस मात्र आर्यभटांचा एकही ग्रंथ मिळाला नाही. त्यास जे काही कळले ते ब्रह्मगुप्तांनी दिलेल्या अवतरणांतून. उत्तरेत आर्यभटीयाच्या पोथ्या विरळ झाल्या होत्या. दक्षिणेत, विशेषतः केरळात, परमेश्वर व नीलकंठ सोमयाजी यांच्यासारख्या आचार्यांनी पठणपाठणाची परंपरा अखंड ठेवली. परमेश्वरांनी तर दीर्घकाळ ग्रहणांचे वेध घेऊन आर्यभटांच्या मानांत आलेले अंतर दुरुस्त केले आणि १४३१ साली दृग्गणित हा ग्रंथ रचला. आचार्यांच्या रीतीने आचार्यांचे आकडे तपासणे, हीच त्यांनी केलेली गुरुसेवा होती.

एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी दक्षिणेतून या ग्रंथाच्या पोथ्या मिळविल्या आणि १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आर्यभटांचा काळ व दोन आर्यभटांमधील भेद विद्वानांपुढे मांडला. १८७४ साली हॉलंडमधील लायडन येथे केर्न यांनी परमेश्वरांच्या टीकेसह ग्रंथ छापला. १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या भारतीय ज्योतिषशास्त्र या मराठी ग्रंथात आर्यभटांच्या कार्याचे साक्षेपी विवेचन आले. १९ एप्रिल १९७५ रोजी भारताचा पहिला कृत्रिम उपग्रह अंतराळात गेला, त्यास आर्यभट हेच नाव देण्यात आले. ज्या पृथ्वीचे भ्रमण त्यांनी भूमीवर उभे राहून ओळखले, तिची प्रदक्षिणा त्यांच्या नावाने झाली.

ग्रंथाच्या शेवटी आचार्यांनी आपल्या कार्याविषयी जे सांगितले आहे, त्यात त्यांचे सर्व तत्त्वज्ञान आले आहे. खऱ्या व खोट्या ज्ञानाचा एक समुद्र पसरलेला आहे. त्यात आपण बुडी घेतली, आणि देवतेच्या प्रसादाने, स्वतःच्या बुद्धिरूपी नौकेच्या साहाय्याने, तळाशी बुडालेले सत्यज्ञानाचे उत्तम रत्न वर काढले, असा त्याचा भाव आहे. यातील प्रत्येक गोष्ट विचारणीय आहे. समुद्र परंपरेचा आहे, आणि त्यात खरे-खोटे मिसळलेले आहे, हे ते लपवीत नाहीत. रत्न नवे निर्माण केले असेही ते म्हणत नाहीत. ते तेथे होतेच. प्रसाद देवतेचा आहे, परंतु नौका स्वतःच्या बुद्धीची आहे. प्रसाद आहे म्हणून नौका नको असे नाही, आणि नौका आपली आहे म्हणून प्रसाद नको असेही नाही.

गीतेतही भगवंतांनी ज्ञान मिळविण्यासाठी नमस्काराबरोबर प्रश्न विचारावयास सांगितले आहे, आणि सर्व उपदेश संपल्यावर अर्जुनास त्याचा पूर्ण विचार करून मग इच्छेप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली आहे. श्रद्धावान गृहस्थाने आपल्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाने बिचकू नये. मुलगा विचारील, राहू चंद्रास गिळतो काय? त्यास गप्प बसवू नये. अंगणात न्यावे, चंद्रबिंबावर चढणारी गोल कडा दाखवावी, आणि ती आपल्या पृथ्वीची छाया आहे हे पंधराशे वर्षांपूर्वी आपल्याच एका आचार्यांनी सांगितले, असे त्यास समजावून द्यावे. मग त्याच्याबरोबर स्नान करावे. सत्याला भिऊन जी श्रद्धा राखावी लागते ती दुबळी. सत्याबरोबर जी वाढते तीच टिकते. आचार्य आर्यभटांनी तेवीस वर्षांच्या वयात हे ओळखले होते.